पाण्याचा वार, प्रार्थनेचा वार

आमच्या चर्चमध्ये कारभार बघणाऱ्या पंचांची निवडणूक जवळ आली की सभासद यादी कपाटातून बाहेर निघते आणि मंडळीतलं प्रेम तिच्या जागी कपाटात जाऊन बसतं. त्या वर्षी तर यादीवरूनच जुंपली. वर्गणी कुणाची थकलीय, पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेल्यांनी इथं मत द्यायचं का, वारलेल्यांची नावं कुणी आणि कशासाठी राखून ठेवलीत. वार्षिक सभेत आवाज इतके चढले की अंगणात खेळणारी शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची, पोरं खेळ टाकून खिडक्यांत येऊन उभी राहिली. त्यांच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात रंगतदार रविवार असणार.

पाळकसाहेब नुकतेच बदलून आले होते. त्यांनी प्रार्थना करून सभा तहकूब केली आणि पुढच्या रविवारी सांगून टाकलं, "निवडणूक लांबली तर लांबू द्या. आधी यादीतलं एकेक घर बघून या." पंचांच्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या. लावताना साहेबांनी एक खोडी केली. सभेत जे एकमेकांवर ओरडले होते, नेमके तेच एकत्र घातले.

माझ्या वाट्याला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आले. मी मूळची नगरची. लग्न होऊन सोलापुरात आले, शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, आणि एवढ्या वर्षांनंतरही या काकांच्या लेखी मी "बाहेरून आलेली सून"च होते. स्कूटर त्यांची, वही माझी, अशी आमची वरात निघाली. संगती, म्हणजे मंडळीतला आपसातला जिव्हाळा, वाढवण्यावर मी आयुष्यभर उपदेश ऐकलेत. वर्गणीची थकबाकी तपासायला गेल्यानं ती वाढते, असं मात्र एकाही पुलपिटावरून कानावर आलेलं नव्हतं.

सुरुवातीच्या घरांत आमचं स्वागत ठरलेलं होतं. दार उघडायचं, वही दिसायची, आणि "मत मागायला आलात का वर्गणी?" असा प्रश्न यायचा. एका आजोबांनी तर आम्ही बसायच्या आतच पाकीट आणून हातावर ठेवलं. यादी तपासायला आलोय म्हटलं तर म्हणाले, "मग मी जिवंत आहे असं लिहा आणि चहा घेऊन जा."

रेल्वे लाइन्सच्या बाजूला मिशनच्या शाळेत शिकवलेल्या एक बाई राहतात. नव्वदीच्या जवळपास आल्यात, पण स्मरण चोख. आमची यादी त्यांनी भिंगातून वाचली आणि हा याचा मेहुणा, ही त्याची मामेबहीण, हे दोघे एका पाळण्यातले, असं सगळं उलगडून दाखवलं. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली नगरला आले आणि पुढं सोलापूरला. त्यांच्या शाळा, वसतिगृहं आणि भोवती वाढलेलं मिशन कंपाउंड, यांत या बाईंचं बालपण गेलं. मी सहज म्हटलं, "तेव्हाच्या लोकांत किती प्रेम होतं नाही का?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "प्रेमबिम काही नव्हतं गं. भिंतीला भिंत होती. सकाळी भांडलं तरी संध्याकाळी नळावर गाठ पडायचीच. किती दिवस तोंड फिरवून घागर भरणार?"

काका त्या दिवशी परतताना पहिल्यांदा आपणहून बोलले. त्यांचे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की कोण पाळीवरून सुटलं आणि कोण पाळीवर गेलं, हे अख्ख्या चाळीला कळायचं. जेवणाची वेळ झाली आणि घरात आई नसली, तर शेजारच्या ताटात हात घालायला कुणाला विचारावं लागत नसे. गिरण्या बंद पडल्या, कंपाउंडातली कुटुंबं पांगली, कुणी जुळे सोलापुरात बंगला बांधला, कुणी विजापूर रोडला फ्लॅट घेतला. आता रविवारी आशीर्वाद झाला की दहा मिनिटांत पार्किंग रिकामं. हस्तांदोलन करून "जय ख्रिस्त" म्हणायचं, आणि हेल्मेट चढवायचं.

वहीत मी दोन रकाने जास्तीचे आखले होते. एक "काय लागतं" आणि दुसरा "काय येतं". दुसरा काकांच्या डोक्यातून निघालेला. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं काय लागतं विचारलं तर आपण तहसीलदारासारखे दिसू. झालं असं की दुसरा रकाना भराभर भरला. एकाला वायरिंग येतं, एकीला इंजेक्शन देता येतं, एका पोराला सरकारी फॉर्म ऑनलाइन भरता येतात, एक आजी बाळंतिणीला आणि बाळाला अंघोळ फार छान घालतात. पहिला रकाना मात्र कोरा. घराघरांत एकच उत्तर मिळायचं, "देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे." त्यातल्या एका घरात मागच्या खोलीत डायलिसिसवरचा माणूस झोपलेला होता, हे आम्हाला महिन्याभरानं कळलं, तेही त्यांच्या दूधवाल्याकडून. माणसं देवासमोर रडतात आणि मंडळीसमोर इस्त्रीचे कपडे घालून येतात.

सोलापूरजवळच्या कुंभारीला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. तिथं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत आहे. 10,000 घरांची ती योजना 2006 साली पुरी झाली. आमच्या यादीत तिथली चार-पाच कुटुंबं होती, सगळी घरी तेलुगू बोलणारी. एका अक्कांच्या दारात गेलो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, टोक नखानं आत दाबायचं आणि दोरा गुंडाळायचा. हे सगळं चालू असताना अक्कांची नजर आमच्याकडे होती, हातांकडे एकदाही नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे पाहुणे आले म्हणून हात थांबवणं परवडत नाही.

काकांनी विचारलं, "चर्चला येता ना नेमानं?"

"येतो की. आमी येतो, मागं बसतो, जातो. कोन बोलत नाय."

"चहाला का थांबत नाही?"

"रिक्षा जाते ना. आनि थांबून काय, भिंतीसंगं बोलायचं?"

काका गप्प झाले. अक्कांनी पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला, बाजूला ठेवला, आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं. वहीतल्या "काय येतं" या रकान्यात त्यांनी लिहायला सांगितलं ते असं: शंभर माणसांचा स्वयंपाक. वसाहतीतल्या लग्नांत त्या चुलीवर असतात, हे आमच्या चर्चमधल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

यादी झाली, निवडणूकही झाली. कोण निवडून आलं हे इथं सांगत नाही, कारण त्यानं काही फरक पडला नाही. फरक पडला तो पाळकसाहेबांनी वही मागवून घेतली तेव्हापासून. त्यांनी भागांप्रमाणे प्रार्थना गट केले. आठ-दहा घरांचा एक गट, आठवड्यातून एकदा एकेकाच्या घरी जमायचं, गीत, वचन, प्रार्थना, चहा. कागदावर छान दिसत होतं.

प्रत्यक्षात पहिल्यांदा आडवं आलं ते पाणी. सोलापूरकराला हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. उजनीचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कुठल्या भागाला कधी हे ज्याचं त्याला पाठ असतं. साहेबांनी सगळ्या गटांना बुधवार दिला होता. आमच्या गटातल्या निम्म्या घरांची पाण्याची पाळी त्या वेळी नेमकी बुधवारच्या आसपास यायची. पहिल्या बैठकीला यजमान धरून चार माणसं, आणि त्यातल्या एकीचा कान सारखा नळाकडे. वचन अर्ध्यावर असताना खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!" आणि आमचं प्रार्थनेचं घर रिकामं झालं.

गट मोडणार असंच वाटत होतं. पण त्याच गटात दुसऱ्या मजल्यावर राहणारं एक वृद्ध जोडपं होतं. त्यांची मोटर बिघडलेली, आणि आजोबा खालून बादल्या वर नेत होते. बैठकीतून पळालेल्या पोरांपैकी दोघांनी ते पाहिलं आणि बादल्या हातातून घेतल्या. पुढच्या पाण्याच्या दिवशी ती पोरं न सांगता आली. वायरिंगवाल्यानं रविवारी मोटर उघडून बसवून दिली. त्यानंतर आजी बैठकीला यायला लागल्या आणि आल्या आल्या जाहीर केलं, की वार पाणी बघूनच ठरवायचा आणि तो दर महिन्याला बदलला तरी चालेल. तेव्हापासून गटप्रमुखाची पहिली पात्रता म्हणजे पाण्याचं वेळापत्रक तोंडपाठ हवं.

दुसरी अडचण खाण्याची. चहा ठरला होता. पहिल्या घरी चहाबरोबर बिस्किटं आली. दुसऱ्या घरी पोहे. तिसऱ्या घरी पावभाजी, आणि चौथ्या घरी यजमानीणबाईंनी बिर्याणीचा हंडा उघडला तेव्हा मी समोर बसलेल्या एका बाईंचा चेहरा बघत होते. त्यांचा नवरा यंत्रमागावर रोजंदारीला जायचा. पुढची पाळी त्यांची होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, घरात रंगकाम काढलंय, आमच्याकडे नको. पावसाळ्यात कोण रंग काढतं?

ही गोष्ट नवी नाही. बायबलमध्ये करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात हेच आहे. प्रभुभोजनाला जमायचं, आणि ज्याचं त्यानं आधीच खाऊन घ्यायचं, एक उपाशी राहतो तर दुसरा पिऊन तर्र. पौल त्यांना विचारतो, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का? ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही याच अध्यायातला पुढचा भाग दर वेळी वाचतो. हा मागचा भाग मात्र कुणी मोठ्यानं वाचत नाही.

निकाल लावला तो पाण्याच्या आजींनी. "चहा आणि शेंगाची चटणी-कडक भाकरी. त्यापुढं ज्यानं काही केलं त्याच्या घरी मी पाय ठेवणार नाही." शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सोलापुरात कुठल्या घरात नसते? बिर्याणीवाल्या बाई थोड्या दुखावल्या. महिन्याभरानं त्याच चटणीवरून त्यांच्यात आणि आजींच्यात लसूण किती यावर वाद रंगला, तेव्हा मी समजले की दुखणं मिटलं. यंत्रमागवाल्या बाईंच्या घरी बैठक झाली. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सोळा-सतरा जण गुडघ्याला गुडघा लावून बसलो, आणि गीत इतकं जोरात झालं की शेजारच्या घरातून एक मावशी डोकावल्या. त्या हिंदू, कानडी बोलणाऱ्या. "बाहेर ऐकू येतंयच, तर आत येऊनच ऐकते," म्हणाल्या. तेव्हापासून त्या येतात. त्यांना गटात धरायचं का, यावर पंचांत थोडी कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा दाखला दिला. टिळकांनी 1917 साली साताऱ्याला "देवाचा दरबार" मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी टिळक गेले. साहेब म्हणाले, "टिळकांना चाललं, तर आपल्या पंचांना चालायला हरकत नसावी." कुजबुज तिथंच संपली.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडू. गटात माणसं मोकळी व्हायला लागली, तशा खबरीही मोकळ्या सुटल्या. एका घरातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आईनं गटात रडून प्रार्थना मागितली. रात्री अकराच्या सुमारास ती गोष्ट मंडळीच्या व्हॉट्सअॅपवर, नावासकट, खाली हात जोडलेले इमोजी आणि "प्रार्थनेचा विषय" असं शीर्षक. सकाळपर्यंत ती पुण्या-मुंबईच्या नातलगांत पोचली होती. मुलगी दोन महिने चर्चला आली नाही. मी ख्रिस्ती घरात जन्मले, वाढले, म्हणून अधिकारानं सांगते, आमच्यात चहाडी करायची सगळ्यात सोज्वळ जागा म्हणजे प्रार्थनेची विनंती. डोळे मिटून सांगितलं की ती निंदा राहत नाही, अशी आमची समजूत आहे.

त्यावर नियम झाला. ज्याची गोष्ट त्यानंच सांगायची किंवा त्याला विचारून सांगायची. आजारपण असो, कर्ज असो, लग्न असो, मोबाईलवर नाव टाकायचं नाही. कुणाबद्दल तक्रार असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18 व्या अध्यायाप्रमाणे आधी त्याला एकट्याला गाठून बोलायचं. नियम मोडणारेही निघाले, निघतात. पण आता कुणीतरी "त्यांना विचारलंत का?" असं तोंडावर विचारतं. त्या मुलीकडे कुणी शिष्टमंडळ घेऊन गेलं नाही, हे फार बरं झालं. शब्बाथ शाळेच्या नाताळच्या नाटकासाठी शिवणकाम येणारं कुणी हवं होतं, आणि वहीत तिच्या नावापुढं शिवणकाम लिहिलेलं होतं. देवदूतांचे पंख शिवायला ती आली आणि मग येतच राहिली.

कुंभारीच्या अक्कांचं राहिलं. नाताळात फराळाच्या पिशव्या वाटल्या जातात. त्या वर्षी वाटप झालं, आणि कुंभारीच्या घरांपर्यंत पोचेस्तोवर पिशव्या संपल्या. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. वाटणाऱ्यांनी ओळखीच्यांना आधी दिल्या, एवढंच. अक्कांनी या वेळी मागच्या बाकावरून उठून पुढं येऊन सांगितलं, सगळ्यांसमोर, मोडक्या मराठीत. काही जणांना ते आवडलं नाही. एका पिशवीसाठी एवढं?

पंचांच्या सभेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 6 काढला. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणारे कुरकुर करायला लागले, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी समजूत घालणारं भाषण केलं नाही. सात माणसं निवडायला लावली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. स्तेफन, फिलिप्प, पार्मिना, नीकलाव: सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती कोठार. साहेबांनी वाचून पुस्तक मिटलं, आणि आमच्याकडे बघत बसले.

काकांनीच ठराव मांडला. वर्षभरापूर्वी हेच काका तेलुगू उपासनेची वेळ बदलण्यावरून भांडले होते. ईस्टरच्या प्रीतिभोजनाचा सगळा कारभार अक्कांकडे द्यावा, हिशेबासकट. चुलीवर आणि तिजोरीवर आपलाच माणूस हवा, असं वाटणाऱ्यांनी नाकं मुरडली. एक जुनं घराणं त्या ईस्टरला जेवायला थांबलं नाही. बाकीचे थांबले. एप्रिलचं ऊन, मांडवाखाली चाळीसच्या वर पारा, आणि अक्का पातेल्याजवळ उभ्या राहून वाढणाऱ्या पोरांवर तेलुगूत ओरडत होत्या. आमटीला चिंचेचा असा आंबटपणा होता की मराठी ताटांनी नाकानं पाणी गाळत दोनदा मागून घेतली. हिशेब त्यांनी लेकीकडून वहीत लिहून आणला होता, कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत. शिल्लक रक्कम परत आली. आमच्या प्रीतिभोजनाच्या इतिहासात शिल्लक उरल्याचं खजिनदारांना आठवत नव्हतं.

आणि आणखी एक साहेब, पाळक नव्हेत. नाव घेत नाही. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चर्चच्या रंगकामाला, पंख्यांना, साउंड सिस्टिमला सढळ हातानं देणारे. यादीच्या वेळी त्यांनी आम्हाला व्हरांड्यातच बसवून घेतलं, वर्गणी आगाऊ दिली आणि निरोप दिला. गटाच्या बैठकीला ते कधी यायचे नाहीत. पत्नीही बऱ्याच दिवसांत चर्चला दिसल्या नव्हत्या. विचारलं तर "गुडघे" असं उत्तर.

एका सकाळी त्यांचा मला फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "मिसेसना दोन तास एकटं ठेवता येत नाही. मला केस कापायला जायचंय." एवढंच. पुढं काहीच बोलवेना त्यांना.

मी गेले. बाईंना विस्मरणाचा आजार जडून तीन वर्षं होत आली होती. दाराला आतून दोन कड्या, गॅसचा कॉक काढून ठेवलेला. साहेबांचे केस खरोखरच मानेवर रुळत होते. तीन वर्षं हा माणूस बायकोला न्हाऊ घालत होता, भरवत होता आणि रविवारी पाकीट पाठवत होता. त्यांनी मंडळीला लाखभर रुपये दिले असतील, पण आम्ही त्यांच्या जवळ आलो ते त्या दिवशी, त्यांनी दोन तास मागितले तेव्हा.

मग पाळ्या लागल्या. आठवड्यातून तीन दुपारी कुणी ना कुणी जातं. इंजेक्शन देणारी जाते, पाण्याच्या आजी जातात, शेजारच्या कानडी मावशी जातात, कधी अक्का जातात, पण सूप घरी ठेवून, कारण तंबाखूचा वास बाईंना सोसत नाही. मजुरी बुडते ती त्या रात्री बसून भरून काढतात. पैसे घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. बाई मला त्यांची वारलेली बहीण समजतात. चहा झाला की नाही हे त्यांना आठवत नाही, पण टिळकांचं गीत सुरू केलं की शेवटच्या कडव्यापर्यंत शब्द चुकत नाही, आणि मी चुकले तर हातावर चापट बसते. साहेब आता गटाच्या बैठकीला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा चटणी-भाकरी खाता खाता त्यांनी विचारलं, "त्या वहीत तुम्ही काय लागतं असा रकाना केला होता ना? माझ्या नावापुढं लिहा." पुढल्या दोन-तीन आठवड्यांत त्या रकान्यात बाकीच्यांचीही नावं चढली. एकाला कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. एकीला फक्त रविवारी चर्चला जाताना कुणाच्या तरी गाडीवर मागं बसायचं होतं.

सगळं गोड झालं, असं नाही. घराच्या वाटणीवरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ अजून चर्चच्या दोन टोकांच्या बाकांवर बसतात, आणि दोघेही आपापल्या गटात दुसऱ्यासाठी प्रार्थना करत नाहीत. पुण्याला गेलेली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी येतात, झोपतात आणि रविवारी दुपारी जातात. त्यांना धरून ठेवायचा मार्ग आम्हाला सापडलेला नाही. न थांबता निघून गेलेलं ते जुनं घराणं आता दुसऱ्या चर्चला जातं.

आणि एक नवीच पंचाईत होऊन बसलीय. जुळे सोलापूरचा आमचा गट इतका एकजीव झाला की त्याला दार उरलं नाही. लातूरहून बदली होऊन एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि लहान मुलगा. ते बैठकीला आले. आमचे आपसातले विनोद, लसणाचा जुना वाद, टोपणनावं, कोण कुठं बसतं, हे सगळं ठरलेलं. ती बाई हातात चहाचा कप धरून भिंतीला टेकून हसत राहिली, कशाला हसायचं ते न कळता. तिच्याशी बोलायला उठल्या त्या अक्का. त्या दिवशी त्या कुंभारीहून मुद्दाम आल्या होत्या. लातूरच्या बाईशी त्यांनी काय बोलणं केलं मला माहीत नाही, पण परतताना चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, मी बसायची ना मागं, तसंच बसली बघा ती."

पुढच्या बैठकीत गटाचे दोन गट करायचा विषय काढला, तर कुणी तयार होईना. पाण्याच्या आजी म्हणाल्या, मला या वयात नवी माणसं झेपणार नाहीत. बिर्याणीवाल्या बाईंचे डोळे भरून आले. काका म्हणाले, दोन गट केले तर दोन्हीकडे मी येणार. शेवटी घरांच्या अंतरावरून नाही, आवडीवरून तर मुळीच नाही, पाण्याच्या पाळीवरून गट पाडले, म्हणजे कुणाला कुणाचा राग येणार नाही. आजी लातूरकरांच्या गटात गेल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी त्या बाईंना चटणीत लसूण किती घालतेस म्हणून विचारलं. नव्या गटाची पुढची बैठक लातूरकरांच्याच घरी आहे, गुरुवारी, कारण बुधवारी त्यांच्याकडे पाणी येतं.